कन्सोलला सगळी मिळून १६ जीबी पुरते, मग माझं ८ जीबीचं कार्ड का धापा टाकतंय?

कृष्णाकाठ९८:
मंडळी, बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, नीट उत्तर कुठे मिळेना म्हणून इथे टाकतो, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

२०२१ मध्ये पहिल्या नोकरीचे पैसे साठवून पीसी बांधला. तेव्हा क्रिप्टो मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव आभाळाला टेकलेले, तरी ८ जीबीचं कार्ड घेतलं, कारण दुकानदार म्हणाला पाच-सहा वर्षं बघायला नको. पहिली दोन वर्षं खरंच बघावं लागलं नाही, १४४०पी रिझोल्यूशनवर सगळं अल्ट्रा, म्हणजे सगळ्यात वरच्या सेटिंगला, लावायचं आणि खेळायचं. २०२३ पासून मात्र त्रास सुरू झाला. नवा गेम लावला की भिंती, कपडे, दगड सगळं आधी मातीच्या गोळ्यासारखं दिसतं, दोन-तीन सेकंदांनी त्याच्यावर तपशील चढतो आणि कधी कधी तर चढतच नाही. कॅमेरा झटकन फिरवला की चित्र अडकतं. आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) बघावा तर सरासरी ७०! म्हणजे कार्डात दम आहे ना? मग दम असलेलं कार्ड असं का वागतं?

दिवाळीत मामाकडे गेलो होतो, मामेभावाकडे पीएस५ आहे, त्यावर तोच गेम लोण्यासारखा चालत होता आणि भिंतीवरचा पोपडा न् पोपडा दिसत होता. कागदावर माझं कार्ड पीएस५ च्या ग्राफिक्स चिपपेक्षा जोरदार आहे. पीएस५ मध्ये एकूण मेमरी १६ जीबी, त्यातच सिस्टिम, त्यातच गेम, त्यातच ग्राफिक्स. माझ्याकडे कार्डात ८ आणि रॅम १६, म्हणजे २४. आता १६ वाल्याला पुरतं आणि २४ वाल्याला पुरत नाही हे गणित मला कोणीतरी समजावून सांगा.

दुसरं असं की आमच्या ग्रुपमध्ये एक जण म्हणतो कन्सोलमुळे पीसी गेमिंग अडून राहतं, दुसरा म्हणतो कन्सोलमुळेच आता एवढी व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) लागायला लागलीय. दोघंही शपथेवर सांगतात. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?

आणि आता नवीन घ्यायचंच झालं तर ८ तर नकोच ना? १२ की १६? बजेट ताणून ताणून ४० हजार. मदरबोर्ड जुना आहे, बी४५०, प्रोसेसर रायझन ३६००.

चिपचाप:
तुझी बेरीजच चुकतेय भावा. ८ आणि १६ मिळून २४ होत नाहीत, कारण त्या दोन मेमऱ्या दोन वेगळ्या खोल्यांमध्ये आहेत.

असं समज, स्वयंपाक करणारा माणूस म्हणजे तुझी ग्राफिक्स चिप. व्हीरॅम म्हणजे त्याच्या समोरचा ओटा, आणि पीसीची रॅम म्हणजे घराच्या दुसऱ्या टोकाची कोठीची खोली. जे काही चिरायचं-फोडणीला टाकायचं ते ओट्यावर असायलाच पाहिजे. ओटा भरला की प्रत्येक वाटीसाठी कोठीत फेरी. आता ही फेरी किती लांबची आहे ते आकड्यात बघ, ८ जीबीच्या साध्या कार्डातसुद्धा चिप आणि तिची व्हीरॅम यांच्यात सेकंदाला २५०-३०० जीबी इकडून तिकडे जातात, तुझ्या काळातल्या वरच्या कार्डांत तर ४५० च्या आसपास. आणि कार्डातून रॅमपर्यंत जायचा रस्ता म्हणजे पीसीआय एक्सप्रेस, तुझ्या बी४५० वर तिसरी पिढी, पूर्ण १६ लेन असल्या तरी सेकंदाला जेमतेम १६ जीबी. तीसपट अरुंद बोळ! म्हणून सरासरी ७० दिसते आणि तरी अडकतं. सरासरीत ती फेरी दिसत नाही, डोळ्यांना दिसते.

पीएस५ मध्ये ओटा आणि कोठी वेगळी नाहीच. १६ जीबी जीडीडीआर६ (ग्राफिक्ससाठीची वेगवान मेमरी), सेकंदाला ४४८ जीबी, प्रोसेसर पण त्यातूनच खातो, ग्राफिक्स पण त्यातूनच. एखादा गेम ग्राफिक्सला जास्त आणि बाकीच्याला कमी देऊ शकतो, कोणी विचारायला येत नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्स मध्ये पण १६, त्यातली अडीच जीबी सिस्टिमसाठी राखीव आणि साडेतेरा गेमला. त्यातही १० जीबी वेगवान आहे, ५६० जीबी सेकंदाला, आणि ६ जीबी जरा हळू, ३३६. त्या १० ला मायक्रोसॉफ्टनेच ग्राफिक्ससाठी सगळ्यात योग्य भाग म्हटलं होतं. म्हणजे कन्सोलवर गेम बनवणारा माणूस ग्राफिक्ससाठी साधारण ९-१० जीबी वापरायची मोकळीक धरून बसलेला असतो, आणि तोच गेम तुझ्या ८ जीबीत येतो, ज्यातलं अर्धा-एक जीबी आधीच विंडोज, ब्राउझर आणि डिस्कॉर्डने खाल्लेलं असतं. उरले सात. नऊचा संसार सातात कसा बसणार?

दोन खोल्यांचा त्रास कन्सोलवाल्यांनी पण भोगलाय बरं का. पीएस३ मध्ये २५६ एमबी एका बाजूला आणि २५६ एमबी ग्राफिक्सच्या बाजूला अशी वाटणी होती, एक्सबॉक्स ३६० मध्ये ५१२ एकत्र. बेरीज सारखी, पण पीएस३ वर गेम आणताना लोकांना घाम फुटायचा. २०११ च्या स्कायरिमचं पीएस३ वर सेव्ह फाइल मोठी होत गेली की कसं रखडायचं ते ज्यांनी खेळलंय त्यांना आठवत असेल.

ठाणे_लोकल:
तुझे दोन्ही मित्र बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलतायत.

मी हे चक्र दुसऱ्यांदा बघतोय म्हणून सांगतो. २००५-०६ मध्ये ते ५१२ एमबीवाले कन्सोल आले आणि पुढची सात-आठ वर्षं मोठे गेम सगळे त्या ५१२ मध्ये बसवून बनवले गेले. पीसीवर १ जीबी, २ जीबीची कार्डं आली तरी त्यांना करायला काम नव्हतं, कारण टेक्स्चरच (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं) तेवढी बनत होती. तेव्हा तुझ्या पहिल्या मित्राचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, कन्सोल अडवून बसले होते. खरं तर एक्सबॉक्स ३६० आधी २५६ मध्येच निघणार होता, एपिकवाल्यांनी मायक्रोसॉफ्टला गिअर्स ऑफ वॉरचं चित्र कमी मेमरीत कसं दिसेल आणि जास्त मेमरीत कसं दिसेल ते दाखवून ५१२ करायला लावलं, हे त्यांनीच नंतर सांगितलंय. विचार करा, तो एक निर्णय उलटा झाला असता तर पुढच्या सात-आठ वर्षांतले पीसी गेम कसे दिसले असते!

मग नोव्हेंबर २०१३ मध्ये पीएस४ आणि एक्सबॉक्स वन. एकदम ८ जीबी. सोळापट! पीएस४ ची घोषणा फेब्रुवारीत झाली तेव्हा बहुतेकांची अपेक्षा ४ ची होती. गेमला त्यातली ५ च्या आसपास मिळायची. आणि त्याच नोव्हेंबरात पीसीचं सगळ्यात वरचं गेमिंग कार्ड कोणतं, तर जीटीएक्स ७८० टीआय, ३ जीबी. खालची बहुतेक सगळी २ जीबी. माझ्याकडे पण २ जीबीचं होतं, नवं कोरं, आणि मला ठाम वाटत होतं की दोन जीबी म्हणजे खूप झालं, कारण तोपर्यंत मी खेळलेल्या कुठल्याच गेमने दीडच्या वर घेतले नव्हते. मे २०१४ ला वॉच डॉग्ज आला, अल्ट्रा टेक्स्चरला ३ जीबी मागितले. सप्टेंबरात शॅडो ऑफ मॉर्डोर आला, त्याच्या अल्ट्रा टेक्स्चरला ६ जीबी लिहिलं होतं. लोक खवळले होते, फोरमवर पानंच्या पानं, हे आळशी डेव्हलपर आहेत वगैरे. आज तुम्ही २०२३ च्या पोस्टी वाचा, शब्द न् शब्द तोच.

तर चक्र असं, नवा कन्सोल येतो, पहिली दोन-तीन वर्षं गेम जुन्या आणि नव्या दोन्ही कन्सोलवर निघतात, त्यामुळे मेमरीचा हिशोब जुन्याचाच राहतो आणि पीसीवाले निवांत असतात. हॉरायझन फॉरबिडन वेस्ट, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक, दोन्ही २०२२ चे आणि दोन्ही पीएस४ वर पण चालायचे. मग एक दिवस जुना कन्सोल सोडला जातो आणि तळ एका झटक्यात वर येतो. हळूहळू नाही, पायरीने. २०१४ ला तेच झालं, २०२३ ला तेच झालं. तू २०२१ ला कार्ड घेतलंस म्हणजे पायरीच्या अगदी आधी घेतलंस, दुकानदाराने मागच्या अनुभवावरून सांगितलं असणार, त्याचं काही चुकीचं नव्हतं, २०१६ ला ८ जीबी घेणाऱ्यांना खरंच सहा-सात वर्षं बघावं लागलं नाही.

पोत_आणि_प्रकाश:
मी गेमसाठी थ्रीडी आणि टेक्स्चरचं काम करते, पुण्यात, बाहेरच्या स्टुडिओंसाठी. वरच्या दोघांनी मशीनच्या बाजूने सांगितलं, मी टेबलाच्या या बाजूने सांगते, कारण मेमरी कुठे जाते हे आकड्यात बघितलं की चित्र स्पष्ट होतं.

एक ४के टेक्स्चर म्हणजे ४०९६ बाय ४०९६ पिक्सेल, एक कोटी ६७ लाख. कॉम्प्रेस करून दर पिक्सेलला एक बाइट धरला तर १६ एमबी, त्याच्या लांबून दिसणाऱ्या छोट्या प्रती धरून २१ च्या पुढे. आणि एका वस्तूला एक टेक्स्चर पुरत नाही, रंगाचं एक, उंचसखल दाखवणारं एक, खडबडीतपणा-चकाकीचं एक, म्हणजे एका दगडी भिंतीचा खर्च ६४ एमबी. हीच भिंत २के मध्ये केली तर बरोब्बर चौथा हिस्सा, १६ एमबी. आता एका चौकात अशा शंभर गोष्टी आहेत असं धरा, ४के मध्ये ६.४ जीबी, २के मध्ये १.६. आम्ही मूळ काम बहुतेक वेळा ४के मध्येच करतो, कधी त्याहूनही मोठं, पण गेममध्ये कोणत्या आकाराचं जाईल हे आमच्या हौसेवर ठरत नाही, ते बजेटवर ठरतं. कुठल्याही प्रोजेक्टच्या सुरुवातीला एक तक्ता येतो, पात्रांना इतके एमबी, वातावरणाला इतके, इफेक्टला इतके, आणि त्या तक्त्याची एकूण बेरीज ही कन्सोलच्या मेमरीवरून आलेली असते. पीसी त्या तक्त्यात नंतर येतो. पीसी कोणाकडे कसाही असतो, ४ जीबीपासून २४ जीबीपर्यंत, त्याच्यावर बजेट बांधायचं कसं? कन्सोल सगळ्यांकडे एकसारखा, म्हणून दोरी त्याला बांधली जाते.

मला हे मनापासून सांगायचंय, कारण लोक आळशीपणा म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. जेव्हा ५ जीबीचं बजेट ९-१० चं होतं तेव्हा आम्हाला पहिल्यांदा एका खोलीतल्या सगळ्या भांड्यांना वेगळं टेक्स्चर देता येतं, नाहीतर एकच पितळेचा तुकडा दहा ठिकाणी फिरवायचा. कोणीही कलाकार मिळालेली जागा रिकामी सोडत नाही. तुमचा मामेभाऊ जो पोपडा बघत होता ना, तो त्या जागेत बसलाय.

आणि एक, गेम आता सगळी टेक्स्चरं एकदम भरत नाहीत, कॅमेरा जिकडे जाईल तिकडची आणतात आणि मागची सोडतात. पीएस५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी कच्चा डेटा देते आणि तो उलगडायला वेगळा भाग आहे, प्रोसेसरला हात लावावा लागत नाही. त्यामुळे तिथे मेमरीत 'लागलं तर असावं' म्हणून पडून राहणारं सामान कमी. पीसीवर कोणाकडे साधी हार्ड डिस्क असते, कोणाकडे साटा एसएसडी, म्हणून जास्त सामान आधीच आणून ठेवावं लागतं, आणि डेटा उलगडायचं काम प्रोसेसरवर पडतं. तुम्हाला गोळ्यासारखी भिंत दिसते तेव्हा इंजिनाने मुद्दाम लहान प्रत ठेवलेली असते, मोठी ठेवायला जागाच नसते म्हणून. काही इंजिनं चित्र अडकू देण्यापेक्षा धूसर ठेवणं पसंत करतात.

रानमेवा:
सगळं मान्य, पण एक बाजू राहतेय. द लास्ट ऑफ अस पार्ट वन २८ मार्च २०२३ ला पीसीवर आला तेव्हा ८ जीबीवर हाल होते, बरोबर? पुढच्या पॅचेसमध्ये त्याच ८ जीबीवर तो बराच नीट झाला. मीडियम टेक्स्चर सुरुवातीला इतकी वाईट होती की पीएस३ चा मूळ गेम बरा वाटावा, ती पण नंतर सुधारली. कार्ड तर बदललं नाही ना, मग सुरुवातीला दोष कन्सोलच्या मेमरीचा की पोर्टचा, म्हणजे गेम पीसीवर आणायच्या कामाचा? आपण सगळं हार्डवेअरवर ढकललं तर कंपन्यांना मोकळीक मिळते, गेम अर्धा भाजून बाजारात आणायचा आणि वर म्हणायचं की कार्ड बदला. आपल्याकडे कार्ड बदलणं म्हणजे चेष्टा नाही, तीस-चाळीस हजार म्हणजे बऱ्याच घरांत महिन्याचा पगार आहे.

आणि अजून एक. एक्सबॉक्स सिरीज एस पण तर आहे. त्यात एकूण १०, गेमला ८ च्या आसपास. तेच सगळे गेम त्याच्यावर चालतात ना? मग पीसीच्या ८ जीबी कार्डवर का नाही, शिवाय पीसीला वेगळी रॅम पण आहे.

पोत_आणि_प्रकाश:
रानमेवा, पोर्टबद्दल तुमचं बरोबर आहे आणि मी त्याला नाही म्हणणार नाही. त्या गेमची मीडियम टेक्स्चर वाईट होती कारण मधल्या पायऱ्या कोणी हाताने बघितल्या नसाव्यात असं मला ती बघून वाटलं. कन्सोलचं चित्र जपून केलेलं असतं, ते पीसीवर साधारण 'हाय' म्हणून येतं, अल्ट्रा म्हणजे त्याच्यावरची भर, आणि खालच्या पायऱ्या बऱ्याचदा आपोआप कापून काढलेल्या असतात. प्रत पाव आकाराची केली की झालं मीडियम. अक्षरं असलेली पाटी, चेहऱ्यावरची जखम, कपड्याची शिवण, यांना एकसारखं कापून चालत नाही, काही ठिकाणी मोठी प्रत ठेवावीच लागते, आणि त्यासाठी माणूस बसवावा लागतो. वेळ आणि पैसा. ८ जीबीवाले एवढे लोक आहेत की तो माणूस बसवलाच पाहिजे, यात मला शंका नाही.

पण सिरीज एसचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं बघा. ते मशीन १४४०पीसाठी म्हणून विकलं गेलं, पण प्रत्यक्षात बरेच गेम त्यावर १०८०पी किंवा त्याहून खाली चालतात, टेक्स्चर लहान, रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) बऱ्याचदा काढलेलं. त्यात ८ जीबी जरा बऱ्या वेगाची आणि २ जीबी अगदी हळू, सेकंदाला ५६ जीबी. बाल्डर्स गेट ३ पीसीवर ऑगस्ट २०२३ ला आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरपर्यंत थांबला, कारण सिरीज एसवर दोघांनी एकत्र खेळायचा अर्धा-अर्धा पडदा बसेना. शेवटी सिरीज एसवर ती सोय काढून आणला. म्हणजे ८ जीबीत चालतं, पण कोणीतरी बसून त्या ८ साठी वेगळं कापून दिलं म्हणून चालतं. तुम्ही तुमच्या ८ जीबी कार्डवर सिरीज एससारखी सेटिंग लावा, १०८०पी, टेक्स्चर मीडियम-हाय, रे ट्रेसिंग बंद, बहुतेक गेम चांगले चालतील. कृष्णाकाठ तिथे १४४०पी अल्ट्रा मागतोय, म्हणजे सिरीज एक्सच्या वरचं.

कृष्णाकाठ९८:
ताई, तुमचा हिशोब वाचून पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला, खूप आभार. मी आजपर्यंत टेक्स्चर कमी केलं की एफपीएस वाढेल असं समजायचो, वाढायचा नाही, म्हणून परत अल्ट्रा करायचो. म्हणजे टेक्स्चरचा एफपीएसशी संबंधच नाही का?

आणि रे ट्रेसिंग, डीएलएसएस, फ्रेम जनरेशन यांनी व्हीरॅम वाढते का कमी होते? कोणी काही सांगतं कोणी काही. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) तर मला नेहमीच ७.६-७.७ जीबी दिसतं, गेम चांगला चालत असला तरी.

चिपचाप:
टेक्स्चर ओट्यावर मावतंय तोपर्यंत एफपीएसला जवळजवळ काही फरक नाही, म्हणून तर व्हीरॅम असलेल्याने ते सगळ्यात वर ठेवावं, फुकटचं सौंदर्य. मावत नाही त्या क्षणाला मात्र कडा कोसळते. इंडियाना जोन्सचा डिसेंबर २०२४ चा गेम याला फार चांगलं उदाहरण आहे. त्यात टेक्स्चर पूल नावाची वेगळी सेटिंग आहे, मेमरीचा किती भाग टेक्स्चरला द्यायचा ते तूच सांगायचं. ८ जीबीवर एक पायरी वर नेलीस की चांगला चालणारा गेम स्लाइडशो होतो, एक पायरी खाली आणलीस की परत पळतो, आणि जवळच्या गोष्टी दिसायला जवळपास सारख्याच. मला वाटतं सगळ्या गेमनी असं द्यावं, नुसतं हाय-मीडियम लिहून माणसाला काय कळणार?

रे ट्रेसिंगने वाढते, कारण आख्ख्या सीनचा एक वेगळा नकाशा मेमरीत ठेवावा लागतो, किरण कुठे आदळतो ते शोधायला, आणि तो शेकडो एमबीपासून जीबीच्या पुढे जाऊ शकतो. डीएलएसएस किंवा एफएसआर (चित्र लहान काढून मग मोठं करायची सोय) लावलं की आतलं रिझोल्यूशन कमी होतं, म्हणून थोडी कमी होते, पण टेक्स्चरचा भाग तसाच राहतो, त्यामुळे फार आशा ठेवू नकोस. फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कार्डाने स्वतःच बनवणं) उलट थोडी खातं. म्हणजे ८ जीबीच्या कार्डवर रे ट्रेसिंग आणि फ्रेम जनरेशन दोन्ही लावलं की ज्या दोन गोष्टींसाठी नवं कार्ड विकलं जातं त्याच त्याचा गळा आवळतात.

आफ्टरबर्नरचा आकडा म्हणजे गेमने अडवून ठेवलेली जागा, सगळी लागतेच असं नाही. एसटीत रुमाल टाकून ठेवतात तसं. खरं लक्षण म्हणजे तू पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंस तेच, धूसर भिंत आणि मान फिरवली की झटका.

आता खरेदी. ८ आणि १२ आणि १६ हे आकडे कुठून येतात ते आधी बघ, मग दुकानात कोणी फसवणार नाही. बिट म्हणजे चिप आणि व्हीरॅम यांच्यातल्या रस्त्याची रुंदी, जीडीडीआर६ ची एक मेमरी चिप त्यातली ३२ बिटची जागा घेते आणि त्यात १ किंवा २ जीबी असते. १२८ बिटचं कार्ड म्हणजे चार चिप, म्हणजे ४ किंवा ८ जीबी. १९२ बिट म्हणजे सहा, म्हणजे ६ किंवा १२. म्हणून आरटीएक्स ३०६० ला १२ मिळाले आणि त्याच्याहून वरच्या ३०७० ला २५६ बिटवर आठच, कारण तिथे आठ चिप आणि प्रत्येकी १ जीबी. १२८ बिटवर १६ पाहिजे तर बोर्डाच्या दोन्ही बाजूंनी चिप लावाव्या लागतात, आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी यांच्या १६ जीबीच्या आवृत्त्या तशाच आहेत. ८ जीबी तर २०१५-१६ पासून मधल्या फळीत आहे, आरएक्स ४८० ला होती, २०२५ च्या ५०६० ला पण आठच. चिप कितीतरी पट वेगवान झाली आणि ओटा तेवढाच राहिला.

तुझ्या बाबतीत अजून एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, तुझा बोर्ड. बी४५० म्हणजे पीसीआय ३.०. आता बरीच कार्डं १६ ऐवजी आठच लेन वापरतात, आरटीएक्स ४०६०, ५०६०, ५०६० टीआय, आरएक्स ७६०० सगळी तशी. आठ लेन तिसऱ्या पिढीवर म्हणजे सेकंदाला ८ जीबी. बोळ अजून अर्धा. त्यातून ८ जीबीचं कार्ड घेतलंस तर व्हीरॅम संपली की आत्ताच्यापेक्षा जास्त झटके बसतील, नवं कार्ड असून. ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेनचं आहे, म्हणून तुला मी त्याची १६ जीबी आवृत्ती सांगेन. नाव सारखंच आणि ८ ची आवृत्ती पण मिळते, तेव्हा खोका नीट वाचून घे. इंटेल बी५८० मध्ये १२ जीबी आहे, स्वस्त पडतं, पण जुन्या प्रोसेसरबरोबर ते मागे पडतं हे २०२५ च्या सुरुवातीला बऱ्याच चाचण्यांत दिसलं, ३६०० बरोबर नको.

ठाणे_लोकल:
१२ की १६ यावर माझं मत. कन्सोलकडे बघ. पीएस५ प्रो नोव्हेंबर २०२४ ला आला, त्यात पण जीडीडीआर६ १६ च आहे, फक्त सिस्टिमसाठी २ जीबी डीडीआर५ वेगळी लावली, म्हणजे गेमला थोडी जागा मोकळी झाली. स्विच २ मध्ये एकूण १२, गेमला ९. म्हणजे जोपर्यंत गेम या मशीनांना धरून बनतायत तोपर्यंत १२ वाला कन्सोलसारख्या सेटिंगवर अडणार नाही असं मला वाटतं. पुढच्या पिढीचा कन्सोल आला तरी पहिली दोन-तीन वर्षं जुन्यावरही गेम निघत राहतील, मागे दोनदा झालं तसं. पण तू १४४०पी आणि रे ट्रेसिंग म्हणतोयस आणि कार्ड पाच वर्षं चालवायचं असेल, तर १६. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून भडकलेत आणि कार्डावरची मेमरी पण त्याच कारखान्यांतून येते, म्हणून बजेटमध्ये बसत असेल तर फार थांबू नकोस.

जुनं मिळालं तर ३०६० १२ जीबी पण वाईट नाही, १६ लेनचं आहे, वेगात तुझ्या आत्ताच्या कार्डाच्या मागेच पडेल पण. म्हणून तुला नाही सांगत, वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगतो.

रानमेवा:
आणि घेईपर्यंत आहे त्यात खेळ. ब्राउझर बंद, डिस्कॉर्डचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद, दुसरा मॉनिटर असेल तर तो पण. अर्धा जीबी तरी सुटते.

कृष्णाकाठ९८:
रात्री करून बघितलं. टेक्स्चर अल्ट्रावरून हाय, रे ट्रेसिंग बंद, ब्राउझर बंद, दुसरा मॉनिटर काढला. त्याच चौकात गेलो जिथे रोज अडकायचं. सरासरी ७० ची ७४ झाली, म्हणजे काहीच नाही, पण झटके गेले, सरळ गेले, अर्धा तास नुसता कॅमेरा गोल फिरवत होतो. भिंतीवर पोपडा दिसतोय. अल्ट्राइतका नसेल, पण मामेभावाकडे दिसला होता तेवढा नक्की दिसतोय, आणि ताईंनी म्हटलं तसं त्याच्याकडे पण बहुतेक हायच चालू असणार.

९०६० एक्सटी १६ जीबीचं दोन दुकानांत विचारलंय, एकाने ८ चाच भाव सांगितला होता, परत फोन करून विचारलं तेव्हा कळलं. या आठवड्यात १६ चा भाव आला की इथेच टाकतो. चिपचाप दादा, पॉवर सप्लाय ५५० वॉटचा आहे, चालेल ना?

चिपचाप:
चालेल. पण जुना असेल तर कार्डाच्या वायरी आणि ८ पिनचं टोक आहे का बघून घे, आणि बायॉस अपडेट करून रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी व्हीरॅम एकदम वापरू देणारी सोय) चालू कर, बी४५० आणि ३६०० वर बहुतेक बोर्डांना मिळतं ते.